जुन्या दगडी मनोऱ्यावर लक्ष कसं ठेवायचं: ओळंबा, तीन स्क्रू आणि एक वही

दीपमाळ असो, चर्चचा घंटेचा मनोरा असो नाहीतर मशिदीचा मिनार, जुन्या उंच बांधकामाला भेग दिसली की आपल्याकडे साधारण दोनच गोष्टी होतात. एक तर कोणीतरी म्हणतं "अहो ती आमच्या आजोबांच्या काळापासून आहे, काही होत नाही", नाहीतर ट्रस्टची तातडीची मीटिंग लागते आणि पुढच्या आठवड्यात भेग सिमेंटने बुजवून वरून रंग मारून सगळे मोकळे. दोन्हीत एकच गोष्ट राहून जाते, ती भेग हलतेय की नाही हे कोणी मोजलेलंच नसतं. हा लेख त्यासाठी आहे. देवस्थान कमिटीतले लोक, चर्चच्या कमिटीतले, सिव्हिलची पोरं ज्यांना प्रोजेक्टला असा एखादा मनोरा मिळालाय, सगळ्यांना चालेल असं लिहितोय.

आधीच सांगतो, एका रीडिंगला काही अर्थ नसतो. मनोरा रोज हलतो, ऋतूप्रमाणे हलतो, उन्हाने हलतो, पावसाने हलतो. आपल्याला शोधायचंय ते फक्त एवढंच की गेला तो परत आला का. परत येत असेल तर त्याची रोजची सवय आहे, आणि दरवर्षी थोडं थोडं परत यायचं राहत असेल तर काळजी करायची. हे कळायला किमान एक पूर्ण वर्ष रीडिंग लागतात, त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिजेच पाहिजे. जो कोणी एका व्हिजिटमध्ये "मनोरा सेफ आहे" असं सर्टिफिकेट देतो त्याला विचारा कशावरून.

परवानगी आणि पहिली फेरी

वास्तू संरक्षित असेल तर खिळा ठोकायच्या आधी थांबा. केंद्राचा कायदा १९५८ चा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा, आणि दोन्हीत स्मारकाला हात लावायचा तर लेखी परवानगी लागते, भोक पाडणं तर सोडाच, चिकटवण्यासाठी सुद्धा विचारा. नुसतं बघायला, फोटो काढायला आणि लांबून मोजायला सहसा कोणी अडवत नाही म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली फेरी म्हणजे चारी बाजूंचे सरळ समोरून फोटो काढायचे, प्रिंट मोठ्या काढायच्या आणि त्याच्यावर लाल पेनाने प्रत्येक भेग काढायची. आतून जिना असेल तर आतूनही तसंच. भेग बाहेर जिथे आहे तिथेच आत दिसतेय का हे नक्की बघा, कारण आरपार गेलेली भेग आणि नुसती बाहेरच्या थराची भेग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. भेगेच्या कडा बघा. कडा काळवंडलेल्या, गोलसर, आत शेवाळ, धूळ, कोळ्याची जाळी, जुन्या रंगाचे ओघळ, म्हणजे भेग जुनी आहे. कडा टोकदार, आतला दगड स्वच्छ आणि वेगळ्या रंगाचा, खाली चुन्याची ताजी पूड पडलेली, म्हणजे नवीन. जुन्या भेगेच्या टोकाला पुढे नवी चीर फुटलेली असेल तर ती जास्त महत्त्वाची, तिच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, पुढच्या वेळी रेघेच्या पलीकडे गेली का ते लगेच कळतं.

आता एक गोष्ट जी लोकांना उलटी वाटते. बोटभर रुंद तिरकी भेग बघून सगळे घाबरतात, पण ती बऱ्याचदा शंभर वर्षांपूर्वी पाया खचला तेव्हाची असते आणि आता गप्प असते. खरं घाबरायचं ते बारीक, उभ्या, एकमेकांना समांतर अशा बऱ्याच चिरांना, विशेषतः मनोऱ्याच्या खालच्या भागात आणि कोपऱ्यांजवळ. दगड किंवा वीट वरच्या वजनाने दबून उभी फाटत चालली की अशा चिरा येतात. इटलीत पाविया गावचा सिव्हिक टॉवर १७ मार्च १९८९ ला असाच गेला, ना भूकंप ना वारा, सकाळी उभा होता आणि पडला, चार माणसं मेली. मनोरा मध्ययुगातला, त्याच्यावर सोळाव्या शतकात दगडी घंटाघर चढवलेलं, भिंती बाहेरून आतून विटेच्या आणि मध्ये भराव. मिलानच्या पॉलिटेक्निकमधल्या लुइजा बिंदा यांच्या टीमने नंतर ढिगाऱ्यातल्या भिंतीचे तुकडे तपासले आणि निष्कर्ष असा निघाला की कायमच्या वजनाखाली भिंत शतकानुशतकं हळूहळू थकत गेली, इंजिनियर लोक याला क्रीप म्हणतात. म्हणजे "इतकी वर्षं उभा आहे म्हणजे भक्कम आहे" हे वाक्य इथे बरोबर उलटं लागू पडतं.

ही मध्ये भराव असलेली भिंत आपल्याला परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जी घरं पडली त्यांच्या भिंती अशाच, दोन बाजूंना दगड, मध्ये माती आणि बारीक दगडगोटे, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. जुन्या मनोऱ्यांतही बाहेरचा घडीव दगड बघून फसू नका. लाकडी हातोडीने हलकेच ठोकत चला, भरीव दगडाचा आवाज टणक येतो, जिथे थर सुटलाय तिथे बद्द येतो. तिथे खडूने गोल करा. मग गवंड्याकडून सूत घ्या, दोन टोकांना धरून भिंतीवर ताणा, मध्ये भिंत फुगून सुताला पुढे ढकलतेय का बघा. फुगवटा आणि बद्द आवाज एकाच जागी मिळाले तर ती जागा यादीत पहिली.

झाडं विसरू नका. पिंपळ, वड, उंबर. वरून कापून उपयोग नाही, मूळ आत जाड होतच राहतं, पण उपटायला जाऊ नका, मुळाबरोबर दगड येतो. नोंद करा आणि जाणकाराला दाखवा.

भेग मोजणे

जुनी पद्धत काचेची. भेगेवर पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंना चुन्याने किंवा प्लास्टरने चिकटवायची, भेग हलली की काच तडकते. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातला घंटामनोरा, उंची जवळजवळ ९९ मीटर, १९०२ च्या जुलैत त्याच्या भिंतीत भेग वाढताना दिसली तेव्हा तिच्यात काचा बसवल्या होत्या. काचा तडकल्या. १३ तारखेला रविवार होता, चौकात बँड वाजायचा तो बंद ठेवला, हादरे नकोत म्हणून. १४ जुलैला सकाळी चौक रिकामा केला आणि दहा वाजायच्या आत मनोरा खाली बसला. माणूस एकही मेला नाही. पावियात चार मेले आणि इथे शून्य, फरक काचेच्या त्या पट्ट्यांचा आणि वेळेवर चौक रिकामा करायच्या निर्णयाचा.

पण काच एकदाच बोलते. तडकली म्हणजे हललं एवढंच कळतं, किती आणि कुठल्या दिशेला ते नाही, आणि कधी कधी नुसती उन्हाने सुद्धा तडकते. म्हणून आजच्या घडीला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची पद्धत म्हणजे तीन स्क्रू आणि डिजिटल कॅलिपर (दोन जबड्यांमधलं अंतर मिमीच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारं हातातलं साधन). स्टेनलेस स्टीलचे छोटे स्क्रू घ्या, साधे लोखंडी नकोत, गंजून फुगतात आणि दगड फोडतात. भेगेच्या डाव्या बाजूला दोन, एकाच्या वर एक, साधारण १०० मिमी अंतराने. उजव्या बाजूला एक, खालच्या स्क्रूच्या बरोबर समोर, तोही १०० मिमीवर. म्हणजे गुण्यासारखा काटकोन झाला. आडवं अंतर वाढलं तर भेग उघडतेय, तिरकं अंतर त्या हिशोबापेक्षा वेगळं बदललं तर एक बाजू खाली-वर सरकतेय. परवानगी असेल तर स्क्रू चुन्याच्या दरजेत बसवा, दगडात नको, पण दरजेतला चुना भुसभुशीत असेल तर स्क्रूच हलेल, मग दगडावर इपॉक्सीने छोटी चकती चिकटवा आणि चकतीवर खूण.

मोजताना स्क्रूच्या डोक्याच्या बाहेरच्या कडा ते बाहेरच्या कडा असं मोजा आणि दरवेळी तसंच मोजा. पहिल्या दिवशी तीच जागा पाच वेळा मोजा, कॅलिपर दरवेळी बंद करून शून्य बघून. आकडे सारखे येणार नाहीत, १०२.३४, १०२.३९, १०२.३१ असं काहीतरी येईल. हा जो फरक आहे तो तुमच्या हाताचा आहे, मनोऱ्याचा नाही, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा कारण पुढे ०.०५ मिमी वाढली म्हणून कोणी बोंब मारली तर हेच पान दाखवायचंय. शक्यतो एकाच माणसाने मोजावं. बाजारात प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एकावर एक असलेले तयार टेल-टेलही मिळतात, एकावर मिमीचे चौकोन आणि दुसऱ्यावर लाल फुली, ते लांबून वाचता येतात म्हणून उंच जागी बरे, पण अचूकता मिलिमीटरच्या आसपासच.

आणि कृपा करून स्क्रू बसवलेल्या जागी "मोनिटरिंग चालू आहे, हात लावू नये" अशी पाटी लावा. एका ठिकाणी आम्ही नीट बसवलेलं सगळं रंगाऱ्याने उत्सवाच्या आधी ऑइलपेंटने रंगवून टाकलं होतं, स्क्रूच्या डोक्यावर दोन कोट.

कलतोय का

ओळंबा. खरंच, दुसरं काही नको सुरुवातीला. मनोरा आतून पोकळ असेल तर वरून बारीक स्टीलची तार सोडा, खाली आठ-दहा किलोचं वजन, आणि वजन तेलाच्या बादलीत बुडवून ठेवा नाहीतर ते झुलतच राहणार, २० मीटर तारेचा एक झोका सुमारे नऊ सेकंदांचा असतो आणि तो थांबायची वाट बघत दुपार जाते. तारेजवळ खाली एक पक्की पट्टी बसवा, तिच्यावरून तार दोन दिशांना किती मिमी आहे ते वाचा, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. दारं-खिडक्या असतील तर वारा लागतो, तारेवर पीव्हीसी पाईप घाला. इटलीतल्या पिसाच्या कललेल्या मनोऱ्यात १९३४ पासून आत असाच लांब पेंडुलम होता. आतून पोकळ नसेल, दीपमाळेसारखी भरीव वास्तू असेल, तर वर चार बाजूंना रिफ्लेक्टिव्ह टार्गेट चिकटवून टोटल स्टेशनने (लांबून कोन आणि अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) मोजावं लागतं, महिन्यातून एकदा सर्व्हेअर बोलवा. त्याला एवढंच बजावा की टोटल स्टेशनचे स्वतःचे संदर्भबिंदू मनोऱ्यापासून लांब, पक्क्या जागी, किमान तीन पाहिजेत, कारण संदर्भच सरकला तर मनोरा कललाय असं दिसतं.

पाया खचतोय का ते बघायला चार कोपऱ्यांना एकाच पातळीवर खुणा करा आणि गवंड्याच्या पाण्याच्या लेव्हल पाईपने तपासा. पाईपमध्ये बुडबुडा राहिला तर सगळं रीडिंग वाया, आणि एक-दोन मिमीच्या खालचं त्यात दिसणार नाही. पैसे असतील तर डिजिटल लेव्हल.

देशावरच्या मनोऱ्यांसाठी इथे खास गोम आहे, काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर भेगाळते, आणि मनोऱ्याच्या एका बाजूला फरशी आणि दुसऱ्या बाजूला उघडी जमीन असेल तर दोन बाजू सारख्या फुगत नाहीत. मग मनोरा जूनमध्ये इकडे आणि मार्चमध्ये तिकडे. जवळची बोअर, फुटलेली पाईपलाईन, नव्या बिल्डिंगच्या तळघरासाठी दिवसरात्र चालणारा पंप, हे सगळं वहीत तारखेसकट यायला पाहिजे. पिसात पण पाण्याचा असाच खेळ होता. सप्टेंबर ते डिसेंबरच्या जोरदार पावसात उत्तर बाजूची भूजलपातळी वर यायची आणि मनोरा दक्षिणेला थोडा सरकायचा, पूर्ण परत यायचा नाही, पुढच्या वर्षी परत थोडा. असं करत १९९० पर्यंत कल साडेपाच अंशांपर्यंत गेला. पाविया पडल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १९९० मध्ये, पिसा लोकांसाठी बंद झाला, आधी उत्तर बाजूला शिशाची वजनं ठेवली, मग त्याच बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून कल सुमारे अर्धा अंश कमी केला आणि २००१ च्या डिसेंबरात परत उघडला. सगळ्या कामात मनोऱ्याच्या हालचालीवर चोवीस तास नजर होती, किती माती काढायची ते तोच सांगत होता.

ऊन

नवीन माणूस हमखास फसतो ते इथे. सकाळी पूर्वेची भिंत तापते, ती बाजू लांबते, मनोरा पश्चिमेला वाकतो. दुपारनंतर उलट. हिशोब करून बघा, २० मीटर उंच आणि ४ मीटर रुंद मनोरा, दोन बाजूंच्या तापमानात १० अंशांचा फरक, दगडाचं प्रसरण एका अंशाला मीटरमागे ०.००८ मिमी धरलं, तर टोक साधारण ४ मिमी सरकतं. हा कागदावरचा आकडा, जाड भिंतीत ऊन आतपर्यंत पोचत नाही म्हणून प्रत्यक्षात कमी येईल, पण तुम्ही जे शोधताय ते वर्षाला एखादा मिलिमीटर असू शकतं हे लक्षात घ्या. म्हणून रीडिंग सूर्य उगवायच्या आधी किंवा अगदी उगवताना, दरवेळी त्याच वेळेला. प्रत्येक रीडिंगसोबत हवेचं तापमान, भिंतीचं तापमान (हातातला इन्फ्रारेड थर्मामीटर चालतो), आणि मागच्या आठवड्यात पाऊस किती झाला.

पहिले दोन महिने आठवड्याला एकदा, मग महिन्याला एकदा पुरतं. शिवाय भूकंपाचा धक्का, वीज पडणे, ढगफुटीसारखा पाऊस, जत्रा, यांच्यानंतर लगेच एक जास्तीचं.

मनोऱ्याची थरथर

हा भाग पैसेवाल्यांसाठी किंवा जवळ इंजिनियरिंग कॉलेज असेल त्यांच्यासाठी. प्रत्येक मनोरा वाऱ्याने, रस्त्यावरच्या ट्रकने अतिशय बारीक थरथरत असतो, आपल्याला जाणवत नाही पण चांगल्या ॲक्सिलरोमीटरला (थरथर मोजणाऱ्या सेन्सरला) कळतं, आणि ही थरथर एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला होते. उंच बारीक मनोऱ्याची एक हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एका झोक्याच्या आसपास, ठेंगण्या जाड्याची बरीच जास्त. भिंत आतून सुटत गेली, ताठरपणा कमी झाला की ही फ्रिक्वेन्सी खाली येते. फ्रिक्वेन्सी पाच टक्के पडली म्हणजे ताठरपणा जवळजवळ दहा टक्के गेला, कारण ताठरपणा फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो.

मोबाईलचं ॲप यासाठी वापरू नका, फोनमधल्या सेन्सरचा स्वतःचाच गोंगाट मनोऱ्याच्या थरथरीपेक्षा मोठा असतो. सिस्मिक दर्जाचे ॲक्सिलरोमीटर लागतात, सगळ्यात वर, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, दोन्ही दिशांना, म्हणजे वाकणं आणि पिळणं वेगळं ओळखता येतं. रेकॉर्डिंग किमान अर्धा तास तरी. नियम असा की मनोऱ्याच्या एका झोक्याला जो वेळ लागतो त्याच्या हजार-दोन हजार पट. पुढचं विश्लेषण पायथॉनमध्ये फुकट होतं, एमटेकची मुलं करून देतील.

इथेही तापमान नडतं. गरम झालं की दगड प्रसरण पावतो, बारीक भेगा मिटतात, फ्रिक्वेन्सी वाढते, थंडीत उतरते, आणि हा चढउतार काही टक्क्यांचा असू शकतो. म्हणून डिसेंबरचं रीडिंग मेच्या रीडिंगशी लावून "नुकसान झालं" म्हणायचं नाही. इटलीतल्या मांतोव्हाचा गाब्बिया टॉवर, सुमारे ५४ मीटरचा, २०१२ च्या भूकंपांनंतर त्याच्यावर मोजके ॲक्सिलरोमीटर आणि तापमानाचा एक सेन्सर ठेवून सतत नोंद चालू केली, तापमानाचा परिणाम वजा करायला शिकले, आणि जून २०१३ मधल्या एका लांबच्या भूकंपानंतर फ्रिक्वेन्सी थोडीशी पण कायमची खाली आलेली पकडली.

कधी घाबरायचं

आकडे एक्सेलमध्ये टाका पण कागदाची वही पण ठेवा, कमिटी बदलली की लॅपटॉप हरवतो. दोन आलेख काढा, एक तारखेप्रमाणे, एक तापमानाप्रमाणे. दुसऱ्या वर्षी मे ची तुलना मे शी. पहिल्या वर्षात जेवढा पट्टा दिसला त्याच्या बाहेर रीडिंग गेलं तर दुसऱ्या दिवशी परत मोजा, परत बाहेर असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला फोन, आणि तो जुनी बांधकामं केलेला असावा, नुसता आरसीसीवाला नको. आणि आकड्यापेक्षा वेग बघा. महिन्याला ०.१ मिमी असलेली भेग आठवड्याला ०.१ व्हायला लागली, मग दोन दिवसांत ०.१, तर एकूण भेग केसाएवढी असली तरी ते लाल निशाण. पूड गळणे, रात्री कट्कन आवाज येणे, दगडाचे टवके उडणे, दार अचानक घट्ट बसणे, हे झालं तर मोजत बसू नका, वर चढू नका, मनोऱ्याच्या उंचीपेक्षा जास्त अंतरापर्यंत सगळं रिकामं करा. इटलीतल्याच बोलोन्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये गारिसेंदा मनोऱ्याच्या सेन्सरचे आकडे काळजीचे यायला लागले तेव्हा भर शहरात भोवतालचा परिसर बंद केला, त्याच्याभोवती धातूची तटबंदी उभी केली. लोकांनी शिव्या दिल्या असतीलच, देऊ देत.

हे फोन कोणाला करायचे, रस्ता कोण बंद करणार, हे आधी ठरवून वहीच्या मागच्या पानावर लिहा. त्या दिवशी मीटिंग घ्यायला वेळ नसतो.

जत्रेतल्या डीजेबद्दल विचारतात म्हणून सांगतो. जर्मन मानक डीआयएन ४१५० मध्ये नाजूक जुन्या वास्तूंसाठी पायाजवळ कमी फ्रिक्वेन्सीला थरथरीच्या वेगाची ३ मिमी प्रति सेकंद ही मर्यादा आहे. व्हायब्रेशन मीटर भाड्याने मिळतो, रोलर, ब्रेकर, सुरुंग, डीजे, सगळ्यांच्या वेळी लावून बघा, आकडा समोर ठेवला की भांडण निम्मं होतं.

पावसाच्या पाण्याचं मात्र मोजमाप करत बसायची गरज नाही, ते वरून आत जाता कामा नये, बस. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा मनोरा, ४६ मीटर, जांभ्या दगडाचा. १८३५ ला धार्मिक संघ हाकलले गेले, इमारत बेवारस झाली, १८४२ ला चर्चचं छत कोसळलं, १९३१ ला दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा पडला. आज उरलाय तो अर्धा. वरची फट, तुटलेला कळस, तुंबलेली पन्हाळी, हे मे महिन्यात बघून घ्या आणि चुन्यानेच भरा. सिमेंट टणक असतं, ओल आत कोंडतं, आणि शेजारचा मऊ दगड सोलत जातो.

दुरुस्ती झाली म्हणजे स्क्रू काढून टाकायचे नाहीत. भेगेत चुन्याचं ग्राउट (आत ओतायचा पातळ कालवलेला माल) भरल्यावर निदान एक वर्ष त्याच जागा, त्याच वेळेला, तसंच मोजत राहा. आणि थरथरीची नोंद ग्राउटिंगच्या आधी आणि नंतर, शक्यतो सारख्याच तापमानाला, करून घ्या. भिंत खरंच आतून बांधली गेली असेल तर फ्रिक्वेन्सी वाढलेली दिसते. बिलात शेकडो गोण्या लावल्यात आणि फ्रिक्वेन्सी जागची हललेली नाही, तर शेवटचा हप्ता देण्याआधी ठेकेदाराला विचारा, माल गेला कुठे.